टर्बोप्रॉप विमानाच्या प्रोपेलरची उड्डाणपूर्व तपासणी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पिस्टन इंजिनाच्या विमानावरून टर्बोप्रॉपवर (ज्याचा प्रोपेलर टर्बाइन इंजिन फिरवतं अशा विमानावर) आलेल्या शिकाऊ वैमानिकाला प्रोपेलर ओळखीचा वाटतो. पाती तशीच, स्पिनर (मधलं टोकदार झाकण) तसाच, फक्त आकार मोठा. त्यामुळे विमानाभोवतीच्या फेरीत तो पात्यावरून एक हात फिरवतो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात टर्बोप्रॉपचा प्रोपेलर वेगळ्या यंत्रणेवर चालतो आणि त्याच्या बिघाडाच्या खुणाही वेगळ्या असतात. त्या कुठे शोधायच्या, कोणत्या क्रमाने शोधायच्या आणि सापडल्यावर काय करायचं, ते या लेखात आहे. नवे वैमानिक आणि एप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागेवर) काम सुरू करणारे ग्राउंड क्रू, दोघांनाही तो उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या तपासणीत तुमचं काम शोधण्याचं आणि कळवण्याचं आहे. सापडलेली खाच चालण्यासारखी आहे का, याचा निकाल तुम्ही द्यायचा नसतो. तो परवानाधारक इंजिनियर देतो, मोजमाप घेऊन आणि मॅन्युअल उघडून. नवखे लोक बहुतेक वेळा इथेच चुकतात. खाच त्यांना दिसलेली असते, पण "एवढ्याशाने काय होतंय" असं तेच ठरवून टाकतात.

खाली काही ठिकाणी विशिष्ट विमानांचे आकडे उदाहरणादाखल दिले आहेत. तुमच्या विमानासाठी तुमच्याच विमानाच्या मॅन्युअलमधला आकडा धरायचा.

सोबत काय असावं

- विमानाचं फ्लाइट मॅन्युअल आणि चेकलिस्ट, चालू आवृत्तीची
- टेक लॉग (विमानाच्या दोषांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही) आणि पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची यादी
- चांगल्या उजेडाची टॉर्च (मोबाइलचा दिवा पुरत नाही, तिरपा, एकवटलेला झोत हवा)
- स्वच्छ, मऊ सुती फडकं
- छोटा आरसा, स्पिनरच्या मागची बाजू बघायला
- सेंटिमीटरची पट्टी आणि फोटो काढायला कॅमेरा
- मोठ्या विमानासाठी शिडी किंवा स्टँड. एटीआर किंवा डॅश ८ च्या वरच्या पात्यांचं टोक जमिनीवरून नीट दिसत नाही

कानस, सँडपेपर, स्क्रू-ड्रायव्हर यांतलं काहीही सोबत नको. हातात हत्यार असलं की किरकोळ दुरुस्ती करून टाकायचा मोह होतो.

१. आधी कागद वाचा

प्रोपेलरकडे जाण्यापूर्वी टेक लॉग उघडा. मागच्या काही उड्डाणांत थरथर, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वरखाली होणं, पक्षी धडकणं, वीज पडणं, कमाल मर्यादेपेक्षा जास्त आरपीएम किंवा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जाणं यांची नोंद आहे का बघा. असेल, तर पुढची तपासणी होऊन सही झालेली हवी. कालच कुणी पात्यावरची खाच घासून काढली असेल, तर कोणतं पातं आणि कोणती जागा हे लक्षात ठेवा. तिथे पुन्हा नजर टाकायची आहे. ओव्हरहॉलचे (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीचे) तास आणि कॅलेंडरची मुदत, दोन्ही पाहा. कमी उडणाऱ्या विमानात तास शिल्लक असतात आणि मुदत मात्र संपलेली असते.

कागदाला इतकं महत्त्व का, हे २१ ऑगस्ट १९९५ च्या अपघातावरून कळतं. अटलांटिक साउथईस्ट एअरलाइन्सच्या ५२९ क्रमांकाच्या उड्डाणात एम्ब्रेअर १२० विमानाच्या डाव्या प्रोपेलरचं एक पातं हवेत तुटलं आणि अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॅरोल्टनजवळ विमान शेतात आदळलं. तडा सुरू झाला होता पात्याच्या आतल्या पोकळीत, गंजाच्या खड्ड्यांपासून. बाहेरून कितीही टॉर्च मारली तरी तो दिसला नसता. जुलै २०१७ मध्ये अमेरिकी मरीन कोअरचं केसी-१३०टी विमान मिसिसिपीवर कोसळलं, तेव्हाही मूळ कारण पात्यातला गंजच होता. ओव्हरहॉलच्या वेळी तो नीट काढला गेला नव्हता. तुमची फेरी पात्याच्या बाहेरच्या अंगापुरती असते. आतल्या अंगाची हमी फक्त वर्कशॉपच्या नोंदी देतात.

२. कॉकपिटमधून प्रोपेलर सुरक्षित करा

पात्याला हात लावण्यापूर्वी कॉकपिटमध्ये जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा: स्टार्ट आणि इग्निशनचे स्विच बंद, कंडिशन लिव्हर इंधन तोडलेल्या जागी, पॉवर लिव्हर आयडलवर, प्रोपेलर डी-आइस (पात्यांवरचा बर्फ काढणारी तापवणी) बंद, चाकांना चोक लावलेले. दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका. तुम्ही खाली असताना कॉकपिटमध्ये कुणी बसणार असेल, तर त्याला स्पष्ट सांगा की तुम्ही प्रोपेलरपाशी आहात.

एक सापळा: इंजिन बंद असताना पॉवर लिव्हर उचलून रिव्हर्समध्ये (पाती हवा उलटी पुढे ढकलतात त्या जागी) ओढून बघू नका. पीटी६ए इंजिनाच्या विमानांत त्याने मागची जोडणी वाकू किंवा तुटू शकते, आणि ते नुकसान स्टार्ट होईपर्यंत लक्षात येत नाही.

टर्बाइनला मॅग्नेटो (पिस्टन इंजिनात ठिणगी देणारं यंत्र) नसतो, म्हणून हाताने फिरवल्यावर अचानक पेट घेण्याचा पिस्टनसारखा धोका नाही, हे खरं. तरीही पात्यांच्या फिरण्याच्या प्रतलात विनाकारण उभं राहायचं नाही. पीटी६ए किंवा पीडब्ल्यू१०० मालिकेच्या इंजिनांत प्रोपेलर आणि गॅस जनरेटर (इंजिनाचा गरम वायू तयार करणारा भाग) यांच्यात दांड्याची जोडणी नसते, त्यामुळे साध्या वाऱ्यानेही प्रोपेलर फिरू लागतो आणि तेवढ्या वेगातलं पातंही हात मोडायला पुरेसं असतं. एटीआरवर आणखी एक काळजी: तिथे उजवं इंजिन प्रोपेलर ब्रेक लावून जमिनीवर वीज आणि हवा पुरवण्यासाठी चालू ठेवता येतं. याला हॉटेल मोड म्हणतात. म्हणजे पाती स्थिर आहेत, पण आत इंजिन चालू आहे. अशा वेळी त्या प्रोपेलरच्या जवळ जायचं नाही.

३. पाती कोणत्या कोनात उभी आहेत ते ओळखा

ही पायरी नवखे हमखास गाळतात. प्रोपेलर कोणत्या अवस्थेत उभा आहे, यावरून त्याच्या पोटातली यंत्रणा ठीक आहे की नाही याचा पहिला सुगावा लागतो.

पीटी६ए इंजिनाच्या विमानांत (किंग एअर, कॅराव्हॅन, ट्विन ऑटर, पीसी-१२) तेलाचा दाब पात्यांना बारीक कोनाकडे ढकलतो, तर स्प्रिंग आणि काउंटरवेट त्यांना फेदरकडे (पात्यांची कड समोरच्या वाऱ्याला येईल अशा कोनाकडे) ओढतात. इंजिन बंद झालं, दाब गेला, की पाती आपोआप फेदरमध्ये जातात: समोरून पाहिलं तर त्यांची फक्त कड दिसते. सकाळी आल्यावर अशा विमानाची पाती फेदरमध्ये नसतील, तर काहीतरी अडकलं आहे. इंजिनियरला बोलवा.

टीपीई३३१ इंजिनाच्या विमानांत (डॉर्नियर २२८, मेट्रो, जेटस्ट्रीम ३१) गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे प्रोपेलर आणि इंजिन एकाच दांड्याने गिअरमार्फत जोडलेले असतात. स्टार्ट करताना स्टार्टरला सगळंच फिरवावं लागतं, म्हणून पाती सपाट असावी लागतात; नाहीतर हवेच्या रोधामुळे इंजिन वेग घेत नाही आणि तापमान चढतं. यासाठी इंजिन बंद करतानाच पाती स्टार्ट लॉकवर अडकवून ठेवतात. सकाळी ती फेदरमध्ये दिसली, तर आदल्या दिवशी लॉक लागले नव्हते. स्टार्टपूर्वी अनफेदरिंग पंपाने ती सपाट आणावी लागतील. तसाच स्टार्टचा प्रयत्न करू नका.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान तपासायची: एकाच प्रोपेलरची सगळी पाती एकाच कोनात असली पाहिजेत. एकाचा कोन जरी वेगळा दिसला, तर त्या पात्याला फिरवणारा आतला दुवा तुटल्याची शक्यता असते. त्या विमानाची फेरी तिथेच थांबते.

४. दुरून एक नजर

आठ-दहा पावलं मागे जाऊन प्रोपेलर समोरून आणि बाजूने पाहा. टोक वाकलंय का, स्पिनर तिरका बसलाय का, पात्यांवर तेलाचे लांब ओघळ आहेत का, प्रोपेलरखाली जमिनीवर थेंब पडलेत का. प्रोपेलर बांधून ठेवण्याचा पट्टा, इंजिनाच्या तोंडावरची झाकणं आणि एक्झॉस्टची झाकणं काढली आहेत ना, तेही याच वेळी मोजून घ्या. पट्टा तसाच राहिला आणि पीटी६ए स्टार्ट केलं, तर गॅस जनरेटर फिरू लागतो, प्रोपेलर मात्र अडकून राहतो. पॉवर टर्बाइन (प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन) स्थिर असताना त्यावर गरम वायूचा झोत पडतो आणि नुकसान होतं.

५. पाती: इथे सर्वात जास्त वेळ द्या

कॅराव्हॅनच्या प्रोपेलरचा व्यास १०६ इंच, म्हणजे सुमारे २.७ मीटर. कमाल १९०० आरपीएमला त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २६८ मीटर वेगाने फिरतं. हिशेब केला तर त्या टोकापाशी बाहेर खेचणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या ५४०० पट भरते. टोकावरचा एक ग्रॅम धातू बुंध्याला साडेपाच किलो वजनाइतक्या जोराने ओढत असतो. वर हवेच्या दाबाने पातं प्रत्येक फेऱ्यात थोडं वाकतं आणि सरळ होतं. हा सगळा ताण धातूतून सरळ रेषेत वाहत असताना मध्ये टोकदार खाच आली की तो खाचेच्या तळाशी एकवटतो. तडा तिथून सुरू होतो. म्हणून खाच किती खोल आहे याइतकंच तिचा तळ किती टोकदार आहे हेही महत्त्वाचं. गोल, गुळगुळीत पोचा पाहायला मोठा असतो, पण तळाशी इंग्रजी व्ही आकाराची छोटी खाच त्याहून घातक असू शकते.

तपासणी प्रत्येक पात्याची स्वतंत्र करा, बुंध्यापासून टोकाकडे:

अ) पुढची कड. फडकं दोन बोटांत हलकं धरून कडेवरून सावकाश न्या. जिथे धागा अडकतो, तिथे थांबा आणि टॉर्च तिरपी धरून बघा. उघडं बोट कडेवरून फिरवू नका; खाचेची उभी राहिलेली धार कापते. बाहेरच्या एक-तृतीयांश भागात सगळ्यात जास्त खाचा सापडतात, कारण टोकाचा वेग जास्त आणि जमिनीवरचे खडे तिथेच आदळतात.

आ) मागची कड. ती पातळ असते. इथली छोटी चीरही आत सरकू शकते.

इ) दोन्ही पृष्ठभाग. वैमानिकाकडची बाजू चकाकी टाळण्यासाठी काळ्या मॅट रंगाची असते. त्या रंगात खाच लपते, म्हणून तिथे झोत पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. सावली पडली की खाच उठून दिसते. पात्याच्या लांबीला आडवा जाणारा ओरखडा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ओरखड्यापेक्षा जास्त गंभीर, कारण तो ताणाच्या रेषा कापतो.

ई) रंग उडालेली जागा. अॅल्युमिनियमच्या पात्यावर पांढरी भुकटी किंवा बारीक खड्डे म्हणजे गंज. डी-आइस बूटच्या (पात्यावर चिकटवलेल्या तापणाऱ्या रबरी पॅडच्या) कडेखाली आणि चिकटवलेल्या लेबलांच्या भोवती ओल साचते, तिथे मुद्दाम बघा.

उ) टोक. बाजूने नजर लावून पात्याची रेषा सरळ आहे का पाहा. टोकाजवळ काळपट भाजल्यासारखा डाग किंवा वितळून झालेला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा असेल, तर वीज पडल्याचा संशय धरा. वीज पात्यातून हबच्या (पाती जिथे बसवलेली असतात त्या मधल्या भागाच्या) बेअरिंगपर्यंत गेलेली असू शकते. बाहेरची खूण लहान असली तरी आतली तपासणी लागते.

ऊ) बर्फ, दव गोठून बसलेला थर, चिखल. सगळं काढायचं. टोकाजवळ दहा ग्रॅम बर्फ एकाच पात्यावर राहिला, तर कॅराव्हॅनच्या वरच्या हिशेबाने पन्नास किलोहून अधिक असंतुलित ओढ तयार होते.

खाच सापडली की कानशीने घासून काढू नका. तिच्या दुरुस्तीचेही हिशेब असतात. कडेवरची खाच घासताना ती लांबीच्या दिशेने तिच्या खोलीच्या साधारण दहापट अंतरात विरत न्यावी लागते, पृष्ठभागावर वीसपट. मग उरलेली जाडी आणि रुंदी मोजून मर्यादेत आहे का ते बघावं लागतं. घाईत मारलेले कानशीचे आडवे चरे स्वतःच नव्या तड्याचं मूळ बनतात.

६. कंपोझिट पातं असेल तर

एटीआर ७२-५०० आणि ७२-६०० वरची सहा पाती, तसंच डॅश ८-४०० वरची सहा पाती कंपोझिट आहेत: आत हलका गाभा, बाहेर कार्बन किंवा काचतंतूंचं कवच आणि पुढच्या कडेला धातूचं आवरण. यांना अॅल्युमिनियमसारखे तडे जात नाहीत. त्यांचे दोष वेगळे: आवरणाची कड सुटणं, थर एकमेकांपासून अलग होणं, रंगाखाली फुगवटा, चिरेतून ओल आत शिरणं. धातूचं आवरण जिथे संपतं ती शिवण पूर्ण लांबीभर बघा. संशय आला तर इंजिनियर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टिचक्या मारून ऐकतो. घट्ट भागाचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. हा कान सरावाने तयार होतो. शेजारी उभं राहून ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका.

७. हब, स्पिनर आणि ओघळांची भाषा

स्पिनरचे सगळे स्क्रू जागेवर हवेत. स्क्रूच्या भोकांपासून निघणाऱ्या केसासारख्या चिरा शोधा. स्पिनर तळहाताने हलका दाबून बघा. तो हलला किंवा खटखटला तर आतला आधार सैल आहे.

मग ओघळ. फिरताना सगळं बाहेर फेकलं जातं, म्हणून ओघळ बुंध्याकडून टोकाकडे जातात आणि कुठून सुरू झाले ते सांगतात. जाड, चिकट ग्रीस एकाच पात्याच्या बुंध्यापाशी असेल, तर त्या पात्याचं सील गेलंय. नुकताच ओव्हरहॉल झालेला प्रोपेलर सुरुवातीला थोडं ग्रीस टाकू शकतो. तरीही नोंद करा, पुसून घ्या आणि पुढच्या उड्डाणानंतर पुन्हा बघा. पातळ तेल सगळ्या पात्यांवर सारखं असेल, तर ते बहुधा इंजिनाच्या बाजूच्या दांड्याच्या सीलमधून येतंय. काही मॅकॉली कंपनीच्या प्रोपेलरच्या हबमध्ये मुद्दाम लाल रंग मिसळलेलं तेल भरलेलं असतं, हबला तडा गेला तर लगेच दिसावं म्हणून. लाल ओघळ दिसला की उड्डाण नाही.

ओघळ न बघता पुसून टाकणं, हा या पायरीवरचा मोठा सापळा आहे. आधी फोटो, मग फडकं. आणि हबवर उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नका. पाणी सीलमधून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन काढतं.

पीटी६ए वर स्पिनरच्या मागे एक फीडबॅक रिंग असते आणि तिच्या खोबणीत कार्बनचा छोटा ठोकळा बसलेला असतो. पात्यांचा कोन जमिनीवरच्या टप्प्यात किती आहे, हे यंत्रणेला याच्यामार्फत कळतं. आरशात बघा: ठोकळा खोबणीत नीट बसलाय का, तुटलेला किंवा अर्धवट झिजलेला नाही ना, जोडणीच्या पिना जागेवर आहेत ना.

आता प्रत्येक पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलकं हलवा. थोडी ढिलाई काही प्रोपेलरमध्ये असतेच आणि तिची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. एका पात्याची ढिलाई बाकीच्यांपेक्षा जाणवण्याइतकी जास्त असेल किंवा बुंध्यातून टक्क असा आवाज येत असेल, तर कळवा.

८. डी-आइस बूट

पात्याच्या बुंध्याकडच्या पुढच्या कडेवर रबराचं पॅड असतं, आत तापणारी तार. कडा सुटल्या आहेत का, सुरकुती, चीर, हबकडे जाणारी वायर तुटलेली आहे का बघा. मागे स्लिप रिंगवर (फिरत्या प्रोपेलरला वीज पोहोचवणाऱ्या कड्यावर) घासणारे कार्बन ब्रश झिजतात. रिंगवर तेल साचलं तर संपर्क तुटतो. प्रोपेलर थांबलेला असताना डी-आइस जास्त वेळ चालू ठेवू नका. थंड करायला हवा नसते आणि पॅड भाजतं. डी-आइस चालू करून तपासताना अॅमीटरचा काटा ठरलेल्या पट्ट्यात यायला हवा. तो कमी दाखवत असेल तर एखादं पॅड मेलेलं आहे. म्हणजे हवेत एका पात्यावरचा बर्फ टिकणार, बाकीच्यांवरचा गळणार आणि प्रोपेलर थरथरू लागणार.

९. हाताने फिरवून बघणं

विमानाची चेकलिस्ट सांगत असेल तरच, आणि फिरण्याच्या नेहमीच्या दिशेनेच. पीटी६ए हलकं फिरतं. कान इंजिनाकडे ठेवा, घासल्याचा आवाज यायला नको. टीपीई३३१ जड लागतं, कारण त्यासोबत आख्खं इंजिन फिरतं. त्यात उलट दिशेने फिरवणं टाळा. पाय घट्ट रोवून उभे राहा, अंग पात्याच्या वाटेबाहेर. आणि कुठल्याही कारणाने पातं धरून विमान ढकलू किंवा ओढू नका.

१०. जमीन बघा

सुटे खडे, खिळे, नटबोल्ट प्रोपेलरखाली असतील, तर स्टार्टनंतर ते वर उचलले जातात. खडीच्या पट्टीवर एका जागी उभं राहून पॉवर वाढवणं आणि कमी वेगात रिव्हर्स वापरणं, या दोन सवयी पात्यांच्या कडा खातात. रन-अप (उड्डाणापूर्वी पॉवर वाढवून घेतलेली इंजिनाची चाचणी) शक्यतो स्वच्छ डांबरावर आणि विमानाचं तोंड वाऱ्याकडे ठेवून करा. मागून किंवा तिरप्या वाऱ्यात जास्त पॉवर दिली तर पात्यांवर वाकवणारा ताण वाढतो.

११. इंजिन सुरू झाल्यावर

पीटी६ए मध्ये तेलाचा दाब वाढला की पाती फेदरमधून बाहेर येतात. ती येताहेत हे आरपीएमवर पाहा. टीपीई३३१ मध्ये स्टार्ट लॉक सोडवायला पॉवर लिव्हर थोडा रिव्हर्सकडे न्यावा लागतो. ही पायरी विसरली तर पाती सपाटच अडकून राहतात आणि पॉवर वाढवूनही ओढ मिळत नाही. टॅक्सीपूर्वी लॉक सुटल्याची खात्री करा.

ओव्हरस्पीड गव्हर्नर: मुख्य गव्हर्नर (आरपीएम ठरलेल्या जागी धरणारा नियंत्रक) निकामी झाला तर प्रोपेलरला आवरणारा हा दुसरा पहारेकरी. किंग एअर २०० मध्ये कमाल २००० आरपीएम, आणि ओव्हरस्पीड गव्हर्नर त्याच्या चार टक्के वर, २०८० ला धरतो. जमिनीवर तेवढा वेग देऊन बघता येत नाही, म्हणून चाचणीचं बटण त्याची मर्यादा तात्पुरती खाली आणतं. कॅराव्हॅन २०८बी मध्ये बटण दाबून पॉवर वाढवल्यावर आरपीएम १७५० च्या आसपास, ६० कमी-जास्त, अडकायला हवेत. अडकले नाहीत तर पॉवर लगेच कमी करा आणि परत या.

ऑटोफेदर (इंजिन बंद पडलं की प्रोपेलर आपोआप फेदर करणारी यंत्रणा): किंग एअर २०० वर साधारण ५०० फूट-पौंड टॉर्कला स्विच टेस्टवर धरला की दोन्ही दिवे लागतात. मग एक पॉवर लिव्हर मागे घ्या. सुमारे ४१० ला विरुद्ध बाजूचा दिवा विझतो. दोन्ही प्रोपेलर एकदम फेदर होऊ नयेत म्हणून ती सोय आहे. सुमारे २६० ला मागे घेतलेल्या बाजूचा दिवाही विझतो आणि तो प्रोपेलर फेदरकडे जाऊ लागतो. दुसरी बाजूही तशीच करा. नवखे फक्त दिवे लागलेले बघतात. ते ज्या क्रमाने विझतात, खरी चाचणी त्यात आहे.

हाताने फेदर: लिव्हर फेदरमध्ये ओढून आरपीएम पडतात का बघा, लगेच पुढे ढकला. लिव्हर हलवण्यापूर्वी त्यावर हात ठेवून त्याचं नाव मोठ्याने म्हणा आणि सहवैमानिकाने बघून दुजोरा द्यावा. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सच्या एटीआर ७२ मध्ये उतरताना फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर मागे ओढले गेले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले आणि विमानातले सगळे ७२ जण गेले. हात आणि डोळा एकाच लिव्हरवर असण्याची सवय जमिनीवरच लागते.

१२. नोंद कशी लिहायची

"प्रोपेलरला खाच" एवढ्यावर इंजिनियर काहीच करू शकत नाही. पात्यांना क्रमांक असतात, ते वापरा. अशी नोंद हवी: "डावा प्रोपेलर, पातं क्र. ३, पुढची कड, टोकापासून २२ सेंमी, खाच अंदाजे १.५ मिमी खोल, तळ टोकदार, कालच्या नोंदीत नाही." सोबत पट्टी शेजारी धरून काढलेला फोटो. दुरुस्ती झाल्यावर तीच जागा पुन्हा बोटाच्या पेराने आणि तिरप्या उजेडात बघा, सही तपासा, मगच पुढे.

कुणी घाई करत असेल, वेळापत्रक मागे पडत असेल, तरी नोंद आधी आणि चर्चा नंतर. तोंडी सांगितलेला दोष पुढच्या वैमानिकापर्यंत पोहोचत नाही.

१३. उड्डाण संपल्यावर

टीपीई३३१ असेल तर बंद करताना पाती लॉकवर बसल्याचं डोळ्यांनी बघा आणि मॅन्युअल सांगत असेल तितके फेरे प्रोपेलर हाताने फिरवा. इंजिन एका जागी थांबून निवलं तर आतला दांडा वरच्या बाजूला जास्त गरम राहून वाकतो. पीटी६ए असेल तर एक्झॉस्ट निवल्यावर प्रोपेलर बांधा. मोकळा सोडला तर रात्रभर वाऱ्यात फिरत राहतो, तेलाचा दाब नसताना, आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग कोरडे घासतात. पट्ट्याला लाल फीत लावा आणि ती कॉकपिटमधून दिसेल अशी बांधा. पात्यांवर चिकटलेले किडे आणि मीठ त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने, सौम्य साबणाने पुसून काढा. खाचही तेव्हाच सापडली तर इंजिनियरला दुरुस्तीसाठी अख्खी रात्र मिळते.